शारदा मॅडमची मॅच

१२ जानेवारी, सोमवार

व्हिडिओ सतरा वेळा पाहिला. पूर्ण आवाजात. तरी दम कुठं तुटला ते मले समजलं नाही. शेवटी ह्यांनी मोबाईलवर बोट ठेवून दाखवलं — "इथं."

कालची ज्युनिअर मुलींची कबड्डीची फायनल. शेवटची चढाई दुलेश्वरीची, तिची टीम दोन गुणांनी मागे. मधातच तिचा दम तुटला. 'कबड्डी-कबड्डी' बंद! समोरच्या पोरी हात खाली सोडून जागच्या जागी उभ्या राहिल्या — आता मॅडम शिटी वाजवतील म्हणून. मॅडम म्हणजे मी, पंच. मी वाजवलीच नाही. दुलेश्वरीनं उभ्या असलेल्या तिघींना शिवलं अन् परत आली. तीन गुण. मॅच खल्लास.

हरलेल्या टीमची कप्तान ऋता माझ्यासमोर येऊन ओरडून राहिली होती. मी तिले कार्ड दाखवलं! एकोणीस वर्षांची पोट्टी. खरं तेच सांगत होती.

आता सगळे म्हणून राहिले — शारदा मॅडमनं पैसे खाल्ले.

इथं तरी खरं लिहिते. मले ऐकूच आलं नाही. डावा कान तीन वर्षांपासून गेला आहे, उजवा अर्धामुर्धा. समता कॉलोनीतल्या डॉक्टरनं मशीन लावा म्हटलं होतं. मशीन लावून कोण पंच ठेवते? ओठ पाहून दम ओळखते मी. काल तिचं तोंड पलीकडे होतं. अन् दरवर्षी ते फिटनेसचं सर्टिफिकेट लागते — ते ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासताच आणलं. एकदा नाही, तीनदा.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शेजारच्या गंधालीकडे हळदीकुंकू. जायची बिलकुल इच्छा नव्हती, पण नाही जावं तर चोराच्या मनात चांदणं! गेली. वाण म्हणून स्टीलची गाळणी.

दाराजवळ दोघी जणी कुजबुजत होत्या. त्यांना वाटलं, एवढ्या दुरून हिले काय ऐकू येते! नाहीच येत बाई. पण ओठ वाचते ना मी. "असल्या पंचाले जन्मात मैदानावर पाऊल ठेवू देऊ नये." दुसरी म्हणे, "शाळेतून पण काढलं पाहिजे." अन् मी तीस वर्षं त्या शाळेत पीटीची मॅडम, पोरींना पळवून राहिली!

दोघींकडून तिळगूळ घेतला, गोड बोलली, घरी येऊन बाथरूमचा नळ सुरू करून रडली.

१५ जानेवारी

पियुषनं विचारलं — "मम्मी, आपने सच में नहीं लिए ना?" पोटचा पोरगा!

१८ जानेवारी, रविवार

रामकृष्ण भैया आले होते. कबड्डी संघटनेच्या शिस्त समितीचे अध्यक्ष. शिटी कशी धरायची ते मले त्यांनीच शिकवलं, सव्वीस वर्षं झाली त्याले.

म्हणाले, "हे पाहा शारदा, नजरचूक झाली म्हणून लिहून दे. पैशाचा पुरावा कोणाजवळ नाही. सहा महिने घरी बस, मग ये परत. चुका सगळ्यांच्याच होतात. एका चुकीपायी एवढ्या वर्षांची पंचगिरी संपवायची काय?"

मी मान हलवत राहिली.

ते गेल्यावर ह्यांनी कप उचलले. "कानाचं काहून नाही सांगितलं त्यांना?"

"सांगितलं तर सर्टिफिकेट खोटं निघते. मग सहा महिने नाही, कायमचं."

"मग कायमचं."

असं म्हणाले! भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुम्ही रिटायर झाले तेव्हा चार महिने गच्चीवर चकरा मारत होते, विसरले काय? कप धुतले अन् आत गेले. मलेच वाईट वाटलं मग.

पण ह्यांना कसं समजवू? दोन टीम, शे-दोनशे माणसं, अन् माझी एक शिटी वाजली की सगळं जागच्या जागी थांबते. घरात माझं कोण ऐकते!

२१ जानेवारी

ऋता जिंकली असती तर पुढच्या स्पर्धेले गेली असती. तिथूनच स्पोर्ट्स होस्टेलसाठी निवड होते. पुढच्या वर्षी ती ज्युनिअरच्या वयात बसत नाही.

मी सहा महिन्यांनी परत येईन. ती नाही येणार.

२४ जानेवारी, शनिवार

संघटनेच्या तेलीबांध्याच्या ऑफिसात समितीसमोर उभी राहिली. "नजरचूक झाली." आवाज कापला नाही. जास्तच जोरात बोलली असेन — समोरचे दचकले. एकानं विचारलेलं समजलं नाही, मी आपली "हो हो" म्हणत राहिली. सहा महिने. भैयांनी पाठ थोपटली.

खाली येऊन तलावाजवळ बाकावर बसली. सुटली बाई एकदाची, असं वाटायले पाहिजे होतं. नाही वाटलं. घरी येऊन मुगाची खिचडी केली.

२७ जानेवारी, मंगळवार

दुलेश्वरी घरी आली. एकटीच. पाया पडली अन् रडायलेच लागली. तिले खिडकीसमोर बसवलं, तोंड दिसावं म्हणून. आपल्या बोलीत म्हणे —

"मैडम, मोर दम टूट गे रिहिस. मोला मालूम रिहिस."

"दम तुटला हे माहीत होतं तुले, मग थांबली काहून नाही?"

खाली पाहून राहिली. हनुवटी धरून तोंड वर केलं तिचं. "कोच सर कहे रिहिस — शारदा मैडम के मैच हे, दम के फिकर झन कर."

दमाची फिकर करू नको म्हणे! विचारलं, तुझ्या एकट्या कोचलेच माहीत आहे काय माझ्या कानाचं?

"नहीं मैडम. सब्बो झन जानथें. तीन साल ले."

सगळ्यांना माहीत! मले वाटत होतं मी लपवून राहिली. मूर्ख! माझी मॅच कोणती ते पाहून चढाईले पोरी निवडत होते लोकं.

ती गेली तेव्हा तिले पाणीसुद्धा विचारलं नव्हतं मी.

२८ जानेवारी, बुधवार

भैयांच्या हातात दुसरं पत्र दिलं. कानाचं, सर्टिफिकेटचं, सगळं. म्हटलं, सहा महिने नको — कायमचं लिहा. वाचून त्यांनी पत्राची घडी घातली. मग माझ्याकडे तोंड करून, सावकाश विचारलं, "तीन वर्षांत मॅच किती केल्या तू?"

एकशे बारा. प्रत्येकीत एक टीम हरली आहे.