शेजाऱ्यांची मुलगी

अंबरनाथ, शनिवार, ८ फेब्रुवारी १९९२

आज मुक्ताला मी शेजाऱ्यांची मुलगी म्हटलं. माझ्या अडीच वर्षांच्या पोरीला, माझ्याच तोंडाने.

सुनंदाची सकाळची ड्यूटी होती, म्हणून बालगाण्यांच्या वर्गाला मी घेऊन गेलो. तिथे सगळ्या आयाच. ताई पेटी वाजवतात आणि पोरं आयांचे हात धरून बेडूकउड्या मारतात. मुक्ता दोन्ही हात वर करून माझ्यासमोर उभी राहिली. मी वाकणार, तेवढ्यात आमच्या मॅनेजरसाहेबांच्या मिसेस नातवाला घेऊन आल्या.

"अय्या, कदम! ही तुमची मुलगी का?"

"नाही मॅडम, शेजाऱ्यांची. सोडायला आलो होतो."

आणि चक्क बाहेर निघून आलो. कशाची लाज वाटली? कारखान्यात माझ्या हाताखालचे लोक हसतील, एवढीच ना? खिडकीतून दिसत होतं. सगळे उड्या मारत होते आणि मुक्ता तशीच, हात वर करून. शेवटी मॅडमनीच पदर खोचला, एका हाताने नातवाला आणि दुसऱ्याने तिला धरलं आणि साठीची ती बाई उड्या मारू लागली.

वर्ग सुटल्यावर मुक्ता "बाबा!" करत माझ्या पायाला बिलगली. मॅडम एवढंच म्हणाल्या, "गोड आहे हो तुमची लेक."

मान वर करवेना.

घरी सुनंदाने हसत विचारलं, "मारल्यात का उड्या?"

मी हो म्हटलं.

"बाबा नाही, आजी," मुक्ता म्हणाली.

मग सुनंदाला सगळं सांगितलं. ती मुक्ताला उचलून आत गेली.