शरयूकाकूंच्या स्लाइड्स

वेस्ट विंडसर
४ ऑक्टोबर १९८७

तीर्थरूप शरयूकाकूंस,
साष्टांग नमस्कार.

सख्खं नातं नसलं तर ‘तीर्थस्वरूप’ लिहितात, हे मला माहीत आहे. वर ‘तीर्थरूप’ लिहिलं आहे, ती चूक नाही.

फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या सहलीत तुम्ही काढलेल्या फोटोंच्या बासष्ट स्लाइड्सवर नावं लिहून झाली. रुआँचं कॅथेड्रल, काँ शहरातले दोन मठ, सगळी स्पेलिंग लायब्ररीत जाऊन तपासली. ज्युमिएजच्या मठाला छप्परच नाही. “वर नुसतं आभाळ, तरी तिकीट!” म्हणून तुम्ही हसलात. मग म्हणालात, “तुझे अनिलकाका आज असते तर एकेक खांब मोजत बसले असते. पुढच्या मेमध्ये गाडी तू चालवायचीस, त्र्यंबक. या वेळेसारखा ऐन वेळी ताप आणायचा नाही हं!”

मला ताप नव्हता, काकू. तुमचा व्हिसाचा फॉर्म मीच भरला, एकही खाडाखोड न करता. माझ्या फॉर्मवर मात्र ‘व्यवसाय’ या रकान्याशी अडलो. ‘स्टुडंट’चं स्पेलिंग मला बिनचूक येतं, पण कॉलेज मी दीड वर्षापूर्वीच सोडलं आहे, म्हणजे स्टुडंट व्हिसाही गेल्यातच जमा. आता अमेरिकेबाहेर पडलो, तर परत आत घेणार नाहीत. म्हणून तुम्ही एकट्या गेलात.

हे कळलं तर तुम्ही रागावणार नाही, उलट माझ्यासाठी वकील शोधाल, नागपूरला आईला फोन कराल. आईला अजून काही माहीत नाही.

स्लाइड्स उद्या आणून देईन. हे पत्र मात्र माझ्या खणातच राहील. स्लाइड्सच्या डब्यावर तुमच्या नावाआधी मी नियमाप्रमाणे ‘तीर्थस्वरूप’ लिहिलं आहे.

तुमचा,
त्र्यंबक