माझ्या किडन्यांचं भविष्य

काचीगुडा, हैदराबाद

तीर्थस्वरूप विठ्ठलअण्णांना धाकट्या दत्तोबाचा साष्टांग नमस्कार. (छातीला टाके आहेत, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं टेकता आली तेवढीच टेकली आहेत.) वहिनी बऱ्या असतील, गुडघे कुरकुरत असतीलच. नांदेडच्या डॉक्टरांनी तुम्हालाही बायपास सांगितल्यापासून तुम्ही फोनवर एकच विचारता, दत्तोबा, करून घेऊ का? फोन आला की आमची तारामती शेजारीच बसलेली असते, मोकळं बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

ऑपरेशनबद्दल माझी तक्रार नाही. छाती उघडली, शिवली, मी झोपेत होतो. तक्रार आहे ती पुढच्या शहाणपणाची. आमच्या सूनबाई निशिगंधा (पुण्याच्या, म्हणजे समोरचा चुकला आहे हे त्यांना तो तोंड उघडण्याआधीच कळतं) ज्या कंपनीत आहेत, त्या कंपनीने म्हणे असा कॉम्प्युटर तयार केला आहे, की हृदयाच्या ऑपरेशननंतर कुणाची किडनी बिघडणार हे तो आधीच सांगतो. दवाखान्यात त्याची चाचणी चालू आणि गिऱ्हाईक मी. बिघडलेली किडनी डॉक्टरांना कळते, इथवर ठीक आहे. पण उद्या बिघडेल हे आज सांगायला जामबागच्या फुटपाथवर पोपटवाला बसतो की. त्याचा पोपट निदान बाहेर येऊन कार्ड तरी उचलतो.

या कॉम्प्युटरला खायला काय लागतं, तर रक्ताचे रिपोर्ट, बीपी आणि माझी लघवी. नळी काढल्यावर फर्मान निघालं, की सगळी बाटलीतच करायची. नर्स मोजणार, आकडा स्क्रीनवर जाणार आणि स्क्रीनसमोर कोण, तर सूनबाई. अण्णा, सुनेसमोर सासऱ्याने नुसत्या बनियनवर बसू नये, अशा घरातला मी. बाटलीत नावापुरती करायचो आणि नर्सची पाठ वळली की भिंत धरत संडासात जाऊन मोकळा व्हायचो. आया विचारायची, "चचा, बाटल खाली कायकू है?" मी म्हणायचो, पानीच नहीं पिया.

मग कॉम्प्युटरने जाहीर केलं, की या गृहस्थांची किडनी बिघडणार, डायलिसिसचीही पाळी येऊ शकते. तारामतीने पदर डोळ्यांना लावला, आमचा सौरभ हिमायतनगरहून कामधंदा टाकून धावत आला. मी मनातून खूश. एवढं शिकलेलं यंत्र आणि एका म्हाताऱ्याने त्याला संडासात जाऊन गंडवलं. पण डॉक्टर खरोखरच डायलिसिसचं बोलायला लागले तेव्हा मात्र त्यांच्या कानात सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत. त्यांनी आधीच दोन औषधं बंद केली होती, ती बंदच ठेवली, सलाईन बदललं आणि रक्त काढत राहिले.

आज मी घरी आहे, डायलिसिस झालं नाही. म्हणजे यंत्र सपशेल तोंडावर पडलं. असल्या पोपटपंचीच्या नादी लागायचं का, ते तुमचं तुम्ही ठरवा. वहिनींना नमस्कार सांगा.

आपला,
दत्तोबा

ता. क. : पत्र तारामतीने वाचलं. म्हणते, अर्धंच लिहिलंय, उरलेलं लिहा. तर लिहितो. माझी लबाडी कळल्यावर लघवीचा आकडा वगळून यंत्राला पुन्हा विचारलं, तरी उत्तर तेच आलं. खोट रक्तातच दिसत होती. दुसऱ्या दिवशी किडनी बिघडलीच. यंत्राचं ऐकून औषधं आधीच थांबवली होती म्हणून थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. सूनबाई यावर एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

आणखी ता. क. : ऑपरेशन तिकडे करू नका, इथे या. ते यंत्र आहे त्याच दवाखान्यात निशिगंधाने तुमच्यासाठी विचारून ठेवलं आहे. तिला मीच विचारायला लावलं. रिपोर्टची पिशवी घ्या आणि गाडीत बसा, उशीर करू नका, मला दुसरा भाऊ नाही. आणि अण्णा, सगळी बाटलीतच करा. लाज वाटली तर सांगा, सुनेला बाहेर चहाला घेऊन जातो.