रिकाम्या सीटचा फोटो

६ मार्च

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. आपला फोन तुला माहीत आहे. ड्रायव्हिंग स्कूलचा आणि घरचा एकच, तोही बाहेरच्या खोलीत, आणि बाबा तो स्पीकरवर टाकल्याशिवाय बोलत नाहीत. म्हणजे बाकावर बसलेल्या शिकाऊ मंडळींनाही आपल्या घरची खबरबात मिळते. माझ्या मोबाइलवर बोलावं तर भिंती कागदाच्या. तेव्हा हे पत्र वाच आणि फाडून टाक.

मला तिसरं चलन आलं आहे. शिकवायचा परवाना मिळाल्यापासून तीन वर्षांत तीन शेरे पडले, की लायसन्स वर्षभर जप्त. पहिला शेरा माझ्याच गाढवपणाचा, अग्निशमन दलाच्या फाटकासमोर गाडी लावली होती. दुसरा एका बँकवाल्या काकांनी मिळवून दिला. मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला म्हणून त्यांनी घाबरून सिग्नल तोडला. शिकवणीच्या गाडीत चूक कोणाचीही असो, पावती शिक्षकाच्या नावाने फाटते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांना शिक्षकाच्या बाजूचा ब्रेक दाबता येत नाही, म्हणजे सगळी शिकवणी माझ्याच पायावर चालली आहे. माझं लायसन्स गेलं तर शाळेला कुलूप लागेल.

आता तिसऱ्या चलनाची कथा. खाली बस आणि मग वाच. गाडी चालवणारी शिकाऊ बाई म्हणजे आपली आई.

जानेवारीपासून शिकते आहे. शिकाऊ लायसन्स एकटी जाऊन काढून आली. लेखी परीक्षेत एकही उत्तर चुकलं नाही. कसं चुकेल, सव्वीस वर्षं ती नियमांची पुस्तिका प्रत्येक उमेदवाराला तीच वाचून दाखवते. टेबलाला बसवलेलं ते सुटं स्टिअरिंग रोज पुसते तीच, आणि खऱ्या गाडीच्या स्टिअरिंगला मात्र तोवर तिचा हात एकदाच लागला होता. लग्नानंतर बाबांनी तिला एकदा मैदानावर नेलं होतं. ते इतके ओरडले की खेळणारी पोरं खेळ थांबवून बघायला आली. आई गाडीतून उतरली, चालत घरी आली, आणि तो विषय तिथेच संपला. आता शिकायचं आहे, पण बाबांना चाचणी पास झाल्यावरच कळलं पाहिजे, अशी तिची अट. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून निघते. बाबा तिच्यासाठी सूप करून ठेवतात. परवा मला विचारत होते की माणसाला दात बत्तीसच असतात ना.

त्या शुक्रवारी वाचनालयाजवळच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला आणि आईने गाडी काय सुरेख उचलली. तेवढ्यात समोरच्या गल्लीतून बाबांची मोपेड आली. दुकानांच्या पाट्या वाचत, मान वर करून चालले होते. आईने हातपाय सगळं सोडलं आणि स्टिअरिंगखाली बुडी मारली. मी माझा ब्रेक दाबला. गाडी चौकाच्या मधोमध थांबली, दिवा लाल झाला, कॅमेऱ्याने फोटो काढला. बाबांनी काही आम्हाला पाहिलं नाही. पण फोटोत मी तोंडाचा आ करून बसले आहे आणि चालवणाऱ्याच्या सीटवर कोणीच नाही. नोटिशीत दोन गुन्हे आहेत: रेषा ओलांडली, आणि चालक जागेवर नसताना वाहन रस्त्यावर आणलं.

नोटीस बाबांनीच फोडली. गाडी कोण चालवत होतं म्हणून मागे लागले आहेत. मी सांगितलं की एक घाबरट बाई आहे, नाव फुटलं तर शिकणं सोडेल. यात एकही शब्द खोटा नाही. आता चलन मान्य करू की भांडू, ते तू सांग.

कळावे, लोभ आहेच, तो माझ्या लायसन्सवरही असू दे.
तुझी,
बारकी

११ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी आमच्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत वाचलं आणि हसू आवरेना म्हणून परीक्षानळ्यांच्या कपाटामागे जाऊन उभी राहिले. आमच्या मुख्य बाईंना वाटलं मी रडते आहे. त्यांनी मला अर्धा दिवस रजा दिली, ती मी घेतली.

आधी कामाचं. भांड. दोन्ही गुन्ह्यांवर भांड. सीट रिकामी नव्हती, सीटवरचं माणूस वाकलेलं होतं. गाडी हिरव्या दिव्याला निघाली होती आणि शिक्षिकेने ती जागच्या जागी थांबवली. त्यासाठीच तर दुसरा ब्रेक असतो. मोठा फोटो मागवून घे, नोटिशीवरच्या पिटुकल्या फोटोत काय दिसणार. पण एक लक्षात ठेव, सुनावणीला सीटवरचं माणूस कोण होतं ते विचारतीलच.

म्हणून दुसरं. आईला म्हणावं, बाबांना सांगून टाक. ओरडतील, दोन दिवस फुरंगटून बसतील, तिसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला सांगतील की माझी बायको गाडी चालवते. सध्या बाबांचं काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललं आहे. मला त्यांची दया येते, पण थोडीच.

तुझं खाणंपिणं नीट आहे ना? घाबरलीस की तू जेवत नाहीस. जेवत जा. कळावे, आईला नमस्कार आणि शाबासकी दोन्ही सांग, बाबांना नुसता नमस्कार.
तुझी,
ताई

१९ मार्च

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

मी भांडायचा अर्ज दिला. सुनावणी ३० तारखेला आहे. आणि आता भीक नको पण कुत्रं आवर अशी माझी गत झाली आहे, कारण माझं वकीलपत्र बाबांनी घेतलं आहे. टेपने गाडीची मापं घेतली. इस्त्रीवाल्या भाऊंना सीटवर बसवून किती वाकलं की माणूस दिसेनासं होतं ते पाहिलं. भाऊ उंच, त्यांची कंबर धरली. सहा पानांचं निवेदन तयार आहे, त्यातली चार पानं ब्रेकवर आहेत. रोज संध्याकाळी बाहेरच्या खोलीत तालीम होते. बाबा बोलतात आणि आईला अधिकारी करून टेबलामागे बसवतात. आई इतके अडचणीचे प्रश्न विचारते की बाबांना दोनदा पुस्तिका उघडून बघावी लागली. काल म्हणाले की तुझ्या आईला नियम बरे ठाऊक आहेत. आईने वर पाहिलंच नाही, कागद चाळत राहिली.

मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणते की तुझं लायसन्स अडलं तर मी क्षणभर थांबणार नाही, पण त्याआधी तोंड उघडणार नाही. मैदानावरचा तो दिवस तिच्या मनातून जात नाही. सगळं पाठ झालं तरी मला तो आवाज ऐकू येतो आणि पाय क्लचवरून सुटतो, असं मला परवा गाडीत म्हणाली.

पण काहीतरी बिनसलं आहे. मंगळवारी मोठा फोटो आला. बाबा भिंग घेऊन बसले. डावा कोपरा पाहिला, भिंग पुसलं, पुन्हा पाहिला. फोटो खणात ठेवून म्हणाले की सुनावणीला याची गरज नाही, फोटो अस्पष्ट आहे. मी नंतर काढून पाहिला. कोपऱ्यात बाबांची मोपेड आहे आणि तिच्या डोक्यावर प्रवेश बंदची पाटी लख्ख दिसते आहे. एकेरी गल्लीतून उलटे आले होते आपले नियमवाले.

म्हटलं, याचीच लाज वाटत असेल. पण तेवढंच नाही. आता ते आईच्या आधी उठतात. भांडी घासतात. दातांबद्दल विचारायचं बंद केलंय. मला हळूच विचारलं की आई वाळल्यासारखी वाटते का गं. काल ती निघाली तेव्हा ती वळणाआड जाईपर्यंत पायरीवर उभे होते. त्यांना सगळं कळलं की काय, अशी मला भीती वाटते. आई म्हणते, कळलं असतं तर आतापर्यंत गल्लीलाही ऐकू आलं असतं.

कळावे, उत्तर लौकर धाड, लोभ त्यातच मावेल.
तुझी,
बारकी

२५ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहिते. आज बाबांनी मला प्रयोगशाळेत फोन केला. स्पीकर नाही, मागे कोणाचा आवाज नाही, बहुतेक बाहेरून कुठून तरी बोलत होते. विचारलं की आईने तुझ्याकडे काही तपासायला दिलं आहे का, कसला रिपोर्ट वगैरे. मी नाही म्हटलं. मग म्हणाले की ते त्या शुक्रवारी तिला आणायला दाताच्या दवाखान्यात गेले होते. ती तिथे कधीच आलेली नाही. मग बरं म्हणाले आणि फोन ठेवला. बाबांना इतकं हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

बारकी, त्यांना वाटतंय की तिला काहीतरी मोठं दुखणं आहे आणि ती लपवते आहे. चेष्टा पुरे झाली. हे पत्र मिळताच आईला दाखव.

कळावे, जास्त लिहीत नाही.
तुझी,
ताई

३१ मार्च

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज आलं. सुनावणी काल झाली. पोस्टमनला माझ्यातर्फे कोणीतरी चलन द्यायला हवं.

परिवहन कार्यालयातली ती खोली म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि एक घरघरणारा पंखा. अधिकारी बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. आम्ही तिघंही गेलो होतो, आईच्या हातात फाईल. बाबांनी उभं राहून वीस मिनिटं ब्रेकवर भाषण दिलं. बाईंनी ते ऐकून घेतलं, हेच मला मोठं वाटलं. मग त्यांनी त्यांच्याकडचा फोटो पुढे केला. ब्रेकचं पटलं, म्हणाल्या, पण चालवणारं माणूस कुठे गेलं? ते होतं हे कोण सांगणार? नाव दिलं नाही तर शेरा लागेल. मी मनात म्हटलं, गेलं वर्ष, जाऊ दे.

तेवढ्यात आई उठली. फाईल माझ्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं की सीटवर मी होते. बाईंनी तिला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, तुम्ही दिसत का नाही? आईने खुर्ची टेबलाजवळ ओढली, हातात स्टिअरिंग असल्यासारखी बसली आणि सर्रकन खाली वाकली. आपली आई टेबलामागे अख्खी नाहीशी झाली. अधिकारी बाई उभ्या राहून वाकून बघायला लागल्या. टेबलाखालूनच आईने सांगितलं की समोरून हे येत होते, म्हणून.

मी डोळे मिटून घेतले. आता छप्पर उडणार. पण बाबा हळूच खुर्चीवर बसले. मग विचारलं, म्हणजे तुला काही झालेलं नाही ना? आई वर आली, केस विस्कटलेले, आणि मला काय होणार म्हणाली. बाबा म्हणाले, तू दवाखान्यात जात नव्हतीस. ती नाही म्हणाली. गाडी शिकत होतीस. ती हो म्हणाली. बाबांनी रुमाल काढला आणि चष्मा पुसायला लागले. पुसतच राहिले. महिनाभर झोपलो नाही गं मी, एवढंच म्हणाले. ताई, त्या खोलीत मी पहिल्यांदा आईला बाबांच्या खांद्यावर हात ठेवताना पाहिलं, आणि तेही सरकारी कार्यालयात.

निकाल असा की दोन्ही गुन्हे रद्द, शेरा नाही. आईला तोंडी समज मिळाली की पुन्हा नवरा दिसला तर आधी ब्रेक दाबा. मग बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि कोपऱ्यातल्या मोपेडचं काय म्हणून बाबांकडे पाहिलं. बाबांना जन्मातलं पहिलं चलन मिळालं. भांडणार का असं विचारल्यावर म्हणाले की नाही, गुन्हा कबूल आहे, दवाखाना सापडत नव्हता.

मी आता तीन ताटं जेवणार आहे. कळावे, लोभासकट सगळं शाबूत आहे.
तुझी,
बारकी

१७ एप्रिल

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षराला हसू नकोस. हे पत्र मी गाडीच्या मागच्या सीटवर बसून, मांडीवर वही ठेवून लिहितो आहे. पुढे तुझी आई चालवते आहे आणि शेजारी बारकी बसली आहे. मला गाडीत घेण्यासाठी तुझ्या आईची अट एकच, की मी तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. मी म्हटलं, मग मनात येईल ते कुठे ठेवू? तिने वही आणि पेन दिलं.

तेव्हा मनात येईल ते तुलाच सोसावं लागेल. दुसरा गिअर उशिरा टाकला. आता तिसरा लवकर टाकला. हात घड्याळातल्या दहा आणि दोनवर पाहिजेत, ते नऊ आणि चारवर आहेत. सायकलवाल्याला उगाच वाट दिली. नाही, बरोबर दिली, तो वळत होता. हे तिला दिसलं, मला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं तू म्हणशील. म्हण.

एक गोष्ट तुला सांगायची होती, म्हणून वही घेतली. फोटो मी भिंगातून पाहिला तेव्हा मला फक्त माझी मोपेड दिसली. तुझी आई तिथेच होती, मला पाहून खाली वाकलेली. किती जणांना मी निर्धास्त केलं म्हणून लोक माझ्याकडे विश्वासाने आपली मुलं घेऊन येतात, आणि घरचं माणूस मला बघून स्टिअरिंग सोडतं. त्या मैदानावरच्या दिवसाबद्दल मी तिची माफी मागितली. सव्वीस वर्षं उशीर झाला. ती म्हणाली की आठवत नाही. तिला सगळं आठवतं.

बारकी बरी शिकवते. आवाज चढवत नाही. कोणाकडून शिकली कोण जाणे, माझ्याकडून तर नव्हे.

आता बाजारपेठेच्या वळणावर आलो. इथे भलेभले गोंधळतात. तिने वेग कमी केला, इशारा दिला. आणि आत्ता मान न वळवता विचारलं, अहो, मागून काही येतंय का?

आरशात बघायचं असतं. पण ते मी म्हणालो नाही. मी वळून मागच्या काचेतून नीट पाहिलं, आणि सांगितलं की कोणी नाही, सावकाश घे.

कळावे. तुझ्या घरच्यांना आशीर्वाद, आणि आम्हां तिघांवर लोभ ठेव.
तुझे,
बाबा