मंगळावरची कादंबरी

प्रिय आई,
तुला आणि बाबांना नमस्कार.

मी मजेत आहे. नव्या खोलीत ऊन येतं, भातही आता करपत नाही.

काल फोनवर बाबांना बोलवायला सांगितलं, तर तू म्हणालीस, “ते त्यांच्या लाडक्या विज्ञानकथाकाराची मंगळावरची कादंबरी वाचतायत. फार आवडती ना त्यांची!”

आई, त्या लेखकाची समुद्रतळावरच्या शहराची कादंबरी बाबांना जवळजवळ पाठ आहे. मंगळावरचीला ते ‘यानात भरलेली सोसायटीची मीटिंग’ म्हणतात.

मागून ताई पुटपुटली, “अगं, त्याला कळेल.” मला ऐकू आलं.

बाबांना काय झालंय? बोलता येत नाहीये का?

रविवारी फोन करीन. तो त्यांच्या कानाला लाव. त्यांनी नुसतं ‘गाढवा’ म्हटलं तरी मला पुरे. नाहीतर रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे.

ताईला रागावू नकोस.

तुझा,
धाकटा