मोहापाशी वळलेली शर्यत

आर्णी,
बुधवार, ३० जानेवारी १९६३

पूनमसिंगले नानाजीचा मोहाच्या झाडाखालचा रामराम.

वर काय लिहावं यातच अर्धी सकाळ गेली. तीर्थरूप म्हणावं तर तू माह्यापेक्षा चार महिन्यांनी लहान, चिरंजीव म्हणावं तर तुह्या मिशा माह्या आधी पिकल्या. म्हून रामरामावर भागवलं. तब्येत कशी आहे? सुखीबाई, म्हशी, तांड्यातली मंडळी समदी खुशाल असतील असं धरून चालतो. (धरूनच चालावं लागते. चौदा वर्षं आपण रोज भेटलो, पण ना तुहं घर म्या पाह्यलं, ना माहं तू.) इकडे मी अन् तुही वहिनी इंदू बरे आहोत. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, कारण डाक वाहून वाहून तुले पाकिटावरचा पत्ता वाचाची सवय, आतलं वाचाची नाही.

तर शर्यतीचं ऐक. आमच्या व्यायामशाळेनं सव्वीस जानेवारीले सव्वीस मैलांची शर्यत ठेवली, आर्णीतून निघून पुसदच्या रस्त्यानं. तिले मॅरेथॉन म्हणतात. व्यायामशाळेचे बबनराव वाचणारे माणूस, त्यायनं आधी सभा घेऊन सांगतलं का फार जुन्या काळी कोणी गडी लढाई जिंकल्याचा निरोप घेऊन असाच लांब धावला, निरोप सांगतला अन् तठीच मेला. समदे पोट्टे हळहळले. म्या हात वर करून विचारलं का त्याची थैली अर्ध्या वाटेत घ्याले कोणी नव्हतं काय? बबनराव म्हणे, नव्हतं. मंग मरन नाही तं काय करन बिचारा! एका माणसाले इतकं पळवणारं ते खातंच बेअक्कल. आपलं पाह्य. पायी डाकेचे सात मैल माहे, सात मैल तुहे. तुह्या काठीचे घुंगरू वळणाच्या आधीच ऐकू याचे, मोहाखाली थैल्या बदलाच्या, एक बिडी दोघांत ओढाची अन् जो तो आल्या रस्त्यानं मागं. हजारो निरोप पोचवले, एकदाही मेलो नाही.

या वयात धावाले गेला कायले, असं तू म्हणशीलच. डाक मोटारीनं जाऊन राह्यली तेव्हापासून दोन वर्षं तुहं तोंड पाह्यलं नाही. मोहाकडं जाले काही कारणच उरलं नाही, अन् बिनकामाचा कोणी सात मैल जाते काय? (इंदू म्हणते, बसनं जा. पण बसमधून उतरून तुले भेटाचं म्हणजे सोयरिकीले गेल्यासारखं वाटते.) शर्यतीचं कारण आयतंच सापडलं. धरमसिंग कंडक्टरच्या तोंडी तुले निरोप धाडला का सव्वीसले मोहाखाली उभा राह्य, तू उलट निरोप धाडला का येतो, अन् म्या नाव देऊन टाकलं.

एकतीस जण निघालो. तीस पोट्टे, कॅनव्हासचे जोडे घालून, अन् एकोणपन्नास वर्षांचा मी, डाकेच्या जुन्या खाकी चड्डीत, अनवाणी. मी सगळ्यायच्या पुढं होतो. फुशारकी मारत नाही, मोहापर्यंतच्या रस्त्याचा गोटा न् गोटा माह्या पायाले पाठ आहे. पण तठीच घोळ झाला. दोन वर्षांनी मले धावताना पाहून लोकायले वाटलं, डाक पुन्हा पायी सुरू झाली. कापसाच्या गाडीवरचा माणूस गाडी थांबवून विचारते, आमचं काही आहे काय. पाचव्या मैलावर भुरीबाई रस्त्यात आडवी. तिचा लेक नागपूरले गिरणीत आहे. शर्यत आहे म्हटलं तर म्हणे, असू दे, आधी पत्र दे. पत्र नाही म्हटलं तर म्हणे, मंग माहं घेऊन जाय, अन् लुगड्याच्या ओच्यातून लिहून ठेवलेलं कार्ड काढलं. हाती दिलेलं टपाल म्या जन्मात नाकारलं नाही, हे तुले ठाऊक आहे. तिचं पाहून आणखी सहा जणांयनं दिलं. सात कागद कमरेले खोचून मी मोहापाशी पोचलो, तेव्हाही पुढंच होतो.

अन् तठी, बबनरावच्या भाषेत, तो प्रकार घडला. कमरेले टपाल, समोर मोह. पाय थांबले अन् आपोआप मागं फिरले, थेट आर्णीकडं. बैल डोळे मिटूनही गोठ्याचा रस्ता चुकत नाही, तसं झालं. तीस पोट्टे समोरून येऊन राह्यले अन् मी त्यायच्या तोंडावर उलटा जाऊन राह्यलो. ओळखीचे लोक, एकेकाले रामराम करावाच लागला. उमरखेडचा लालसिंग (हाच पुढं पहिला आला) मले म्हणे, काका, घरी काही राह्यलं काय? चार जण तर घाबरून माह्यासंगंच वळले. त्यायले वाटलं, पुढं पूल खचला. त्यायची समजूत घालून पुन्हा पुसदकडं तोंड करून देण्यात माहा दम गेला, तेवढा धावण्यात गेला नव्हता.

आर्णीले पोचलो तर सकाळी जठून निघालो त्या फक्कीच्या रेघेपाशी बाबुलाल शिंपी एकटाच मांडव सोडत होता. शर्यत पुसदकडं संपते हे त्याले कोणी सांगतलंच नव्हतं. मले येताना पाहून त्यानं उरलेला हार माह्या गळ्यात घातला अन् नानाजी पहिला म्हणून एकट्यानं टाळ्या वाजवल्या. मीही नाही म्हटलं नाही. संध्याकाळच्या बसनं लालसिंग कप घेऊन उतरला, तेव्हा मी हार घालून हॉटेलात चहा पिऊन राह्यलो होतो. गावभर शोभा झाली.

आता बबनरावनं लेखी खुलासा मागितला आहे का पुढं असलेला माणूस मागं वळला काहून? खुलासा पटला नाही तर पुढच्या वर्षी माहं नाव घेत नाहीत. सोबतच्या कागदावर म्या लिहिलं आहे का नानाजीच्या पायाले चौदा वर्षांची सवय, मोह दिसला का ते वळतात. त्याखाली साक्षीदार म्हून सही करून धाड. हे रोजचं वळणं डोळ्यानं पाह्यलेला दुसरा माणूस दुनियेत नाही.

तुह्या थैलीचा जोडीदार,
नानाजी

ता. क. सातही पत्रं त्याच दिवशी पोस्टात टाकली. भुरीबाईच्या कार्डावर पत्ता होता, 'माह्या लेकाले, नागपूर'. पोस्टमास्तर हसले. मले नाही हसू आलं.

आणखी एक. त्या कागदावर सही करू नको. कागद खोटा आहे. पाय चुकले नाहीत. मोहाखाली मी थांबलो, तुह्याकडच्या रस्त्यावर पाह्यलं, घुंगरू वाजतात काय म्हून कान लावला. लालसिंग जवळ येईपर्यंत उभा होतो. तू नव्हता. मंग पुढं जाऊ तरी कोणाकडं? राग आला, लेका. फार राग आला.

हे शेवटचं. पाकीट चिकटवता चिकटवता इंदू बाजारातून आली. तिले तठी तुही सुखीबाई भेटली, बोलता बोलता ओळख निघाली. म्हणे पावसाळ्यात तुहा गुडघा गेला, तू काठी टेकून चालतो, अन् त्या काठीची लाज वाटली म्हून मोहाखाली आला नाही. अबे येड्या, चौदा वर्षांत काठीशिवाय एक दिवस तरी मले भेटला काय तू? खात्यानं माही काठी जमा करून घेतली, पण घुंगरू म्या आधीच सोडून ठेवले होते. (हे बबनरावले सांगू नको.) ते पत्रासंगंच्या पुडक्यात बांधले आहेत, तुह्या काठीले लाव. सोमवारी सकाळी निघतो, अन् या खेपेले मोहापाशी वळत नाही. त्याच्या पुढचा रस्ता मले ठाऊक नाही. तू आपल्या दारात उभा राहून काठी आपटत राह्य. आवाजावर येतो.