वरच्या खोलीतले दोन सभासद

३ नोव्हेंबर १६४०
भरली! संसद भरली आणि माझं घरही भाडेकरूंनी भरलं. वरच्या खोलीत दोघं — ऑस्टिन हेवूडसाहेब आणि रुकलीसाहेब. दोघंही सभासद, एकाच गावचे, लंगोटीयार. पलंग एकच, तरी तक्रार नाही. अकरा वर्षं राजाने संसद बोलावली नव्हती. माझा नवरा वाट बघत बघतच वारला. यंदा वसंतात बोलावली, ती तीन आठवड्यांत मोडून मोकळा. माझी बिअरची पिंपं आंबून गेली. देवा, या खेपेला टिकू दे.

११ मे १६४१
राजा नमला! आता संसदेच्या संमतीशिवाय संसद मोडता येणार नाही. कायदाच झाला.

रुकलीसाहेब म्हणाले, "थॉमसिनबाई, आता म्हातारे होईपर्यंत आम्ही तुमच्याच उरावर."

"झालाच आहात," मी म्हटलं.

अख्ख्या गल्लीला बिअर पाजली. शेजारीण म्हणत होती, राजाशी पंगा घेऊन कुणाचं भलं झालंय? तिलाही एक पेला दिला. प्यायली मुकाट्याने.

२३ नोव्हेंबर
राजाच्या चुकांचा भला मोठा पाढा संसदेत मंजूर झाला. जेमतेम अकरा मतांनी. आमच्या पलंगावरचं एक मत इकडे, एक तिकडे! न्याहारीला दोघं समोरासमोर बसून भांडले.

"त्याचे हात बांधले, ठीक केलं," रुकलीसाहेब म्हणाले. "आता नाकही कापणार?"

"आणि हात सोडवून घेतले तर?"

मी हेवूडसाहेबांच्या बाजूने बोलले. रुकलीसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि मोहरीची चटणी मागितली. मला जरा वाईट वाटलं.

४ जानेवारी १६४२
काय दिवस! पाच सभासदांना पकडायला राजा स्वतः हत्यारबंद माणसं घेऊन संसदेत घुसला. पाचही जण आधीच होडीतून पसार! राजाने सगळीकडे नजर फिरवली. कुणी तोंड उघडेना. हात हलवत परत गेला. हेवूडसाहेब सांगताना हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते.

रुकलीसाहेब हसले नाहीत. "त्याची माणसं दाराशी पिस्तुलं रोखून उभी होती," एवढंच म्हणाले. "त्याने असं करायला नको होतं." मला वाटलं, आले आता आपल्या बाजूला.

६ जानेवारी
नाताळ संपला, सांगतेच्या सणाचा केक कापला. केकमध्ये मुद्दाम दडवलेला वाल हेवूडसाहेबांच्या तुकड्यात निघाला, म्हणजे आजचे राजे तेच. कागदाचा मुकुट घातला. त्यांनी पेला ओठाला लावला की रिवाजाप्रमाणे आम्ही ओरडायचं — राजा पितोय! रुकलीसाहेबांचाच आवाज सगळ्यांत मोठा.

"महाराज, दुसरा पेला हवा तर आधी संसदेला विचारा. आज संसद मी."

पोट दुखेपर्यंत हसलो. मग मुकुट नीट बसवून देताना रुकलीसाहेब हळूच म्हणाले, "ऑस्टिन, खरा राजा असं हसून सोडून देईल का रे?"

हेवूडसाहेबांनी मुकुट काढून टेबलावर ठेवला. मी केकचा आणखी एक तुकडा वाढला.

११ जानेवारी
जिंकलो! काल राजा राजवाडा सोडून पळाला आणि आज ते पाचही जण नदीतून परत आले. नदीभर होड्या, तोफा, ढोल. मी ठेवणीतला झगा घालून घाटावर उभी होते. ओरडून घसा बसला. कुणीतरी होडीतून हात केला, मलाच केला असं मी धरून चालले. आज नवरा हवा होता.

घरी आले तर रुकलीसाहेब शेकोटीशी बसलेले.

"आला नाहीत?"

"राजा गेला कुठे, बाई?"

"गेला तिकडे. आपल्याला काय करायचंय?" मी म्हटलं. आणि मला खरंच तसं वाटत होतं.

३० मे
रुकलीसाहेब निघाले. उत्तरेला, राजाकडे. पेटी हेवूडसाहेबांनीच खाली उतरवून दिली.

"आता ऐसपैस झोपेन," म्हणाले.

"झोप. घोरायलाही मोकळा."

मिठी मारली नाही. मी ओट्यावर उभी राहून उगीच रडले. संसद तर टिकली आहे.

२६ ऑगस्ट
राजाने नॉटिंगहॅमला लढाईचा झेंडा उभारला. हेवूडसाहेब आज गावी निघाले, संसदेसाठी घोडेस्वार जमवायला. मी विचारलं, रुकलीसाहेबांचं काही कळलं का? घोड्याचा पट्टा आवळत म्हणाले, "तोही गावीच आहे. माणसं जमवतोय."